क्युसेक कमी, पाणी जास्त

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरी, निंबजनगर परिसरातल्या सोसायट्यांमध्ये मुठा नदीचं पाणी शिरलं. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, तळमजल्यावरच्या घरांत चिखल झाला, लष्कराला बोलवावं लागलं. नंतरचा सगळा वाद मात्र एकाच आकड्याभोवती फिरला: वरच्या खडकवासला धरणातून पाणी सोडलं किती? जलसंपदा विभागाने सांगितलेला आकडा ३५ हजार क्युसेकच्या आसपासचा होता. मुठेची निळी पूररेषा, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचेल ती रेषा, साधारण ६० हजार क्युसेक धरून आखलेली आहे. मग त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त पाण्यात घरं बुडालीच कशी? नक्की जास्त सोडलं असणार, असं लोक अजूनही म्हणतात.

प्रश्न रास्त आहे. गडबड आहे ती त्यामागच्या समजुतीत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. हा आकडा किती पाणी जातंय एवढंच सांगतो, ते किती उंचीने जातंय हे सांगत नाही. आणि घर बुडतं ते उंचीने. शिवाय हा आकडा धरणाच्या दरवाजांवरचा. धरणाखाली नदीला मिळणारे ओढे-नाले त्यात येत नाहीत, आणि त्या रात्री शहरातही धो धो पाऊस होता.

उंची कशी ठरते, हे सांगणारं एक सूत्र मला फार आवडतं. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याने ते १८८९ मध्ये मांडलं आणि आजही जगभर पुराचं गणित त्यावर चालतं. पाण्याचा वेग तीन गोष्टींवर ठरतो: खोली, उतार आणि पात्राचा खडबडीतपणा. रुंद नदीत वेग खोलीच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतो. प्रवाह म्हणजे रुंदी गुणिले खोली गुणिले वेग. म्हणून दर मीटर रुंदीतून जाणारं पाणी खोलीच्या पाच-तृतीयांश घाताने वाढतं. हेच उलटं वाचा. पात्राची रुंदी भराव टाकून निम्मी केली, तर तेवढंच पाणी वाहून न्यायला खोली दुप्पट लागत नाही, पण सुमारे दीडपट लागते. चार मीटरचे सहा मीटर होतात. रुंदी तशीच ठेवली आणि झुडपं, राडारोडा, जलपर्णी यांनी खडबडीतपणा दुप्पट झाला, तरी परिणाम तोच, दीडपट. दोन्ही एकदम झालं तर खोली २.३ पट. धरणातून एक थेंबही जास्त सोडावा लागत नाही.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. नदी वरून खाली वाहते, तेव्हा खालच्या अडथळ्याचा वरच्या वस्तीला काय त्रास, असं वाटतं. पण पाण्याच्या पृष्ठभागावरची लांब लाट स्वतःच्या वेगाने पसरते. तो वेग गुरुत्वीय त्वरण गुणिले खोली यांच्या वर्गमुळाइतका असतो. चार मीटर खोल पाण्यात तो सेकंदाला सुमारे ६.३ मीटर भरतो. नदी सेकंदाला दोन मीटरने वाहत असेल, तर लाट प्रवाहाविरुद्ध सेकंदाला चार मीटरहून जास्त वेगाने वर चढते. चार किलोमीटर खाली पूल, बंधारा किंवा भराव असेल, तर त्याची पहिली वर्दी पंधरा-सोळा मिनिटांत वर पोचते आणि पाणी फुगू लागतं. ही फुग वर जाताना विरत जाते. उतार जितका कमी, तितकी ती दूरवर पोचते. नदीचा वेग आणि या लाटेचा वेग यांच्या गुणोत्तराला फ्रूड अंक म्हणतात. तो एकाहून कमी असतो तोवर खालचं बांधकाम वरची पातळी ठरवतं, आणि शहरातल्या संथ उताराच्या नद्यांत तो बहुतेक वेळा कमीच असतो.

नदीकाठच्या सोसायटीत पाणी आधी पावसाळी गटाराच्या चेंबरमधून वर येतं, त्याचंही कारण हेच. गटाराचं तोंड नदीत असतं. नदीची पातळी चेंबरच्या झाकणापेक्षा वर गेली की काठ न ओलांडताच पाणी उलटं आत येतं. तोंडावर एकाच दिशेने उघडणारी झडप हा त्यावरचा साधा उपाय. पण झडप बंद असताना आतलं पावसाचं पाणी उपसायला पंप हवाच.

निळी रेषा '२५ वर्षांतून एकदा' येणाऱ्या पुराची, म्हणून एकदा पूर आला की पुढची २५ वर्षं निर्धास्त, ही समजूतही घातक आहे. दर वर्षी शक्यता चार टक्के, एवढाच त्याचा अर्थ. २० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के होते. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या लाल रेषेसाठी ती १८ टक्के. तरीही 'ईशान्येला नदी, वास्तुशास्त्रानुसार लाभदायक' म्हणून फ्लॅट विकले जातात आणि शिकलेली माणसं जास्त पैसे मोजतात. पाण्याला दिशा कळत नाही, पातळी कळते. घर घेताना होकायंत्र बाजूला ठेवावं आणि पूररेषेची समुद्रसपाटीपासूनची उंची मागावी. ती मीटरमध्ये मोजलेली असते. मग आपल्या पार्किंगची उंची तिच्याशी ताडून पाहावी.

२५ जुलैच्या त्याच पहाटे पुण्यात डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत तिघांचा जीव गेला, तो विजेच्या धक्क्याने. नदीकाठच्या अनेक जुन्या इमारतींत विजेचे मीटर अजूनही तळमजल्यावर, जिन्याखाली आहेत. ते लाल रेषेच्या वर नेण्याचं काम सोसायटी एका उन्हाळ्यात उरकू शकते.