वाड्याची नोंद आणि चरावरची देखरेख

इंग्लंडमध्ये एखाद्या जुन्या मॅनर हाउसची, म्हणजे जमीनदाराच्या पिढीजात वाड्याची, दुरुस्ती निघते तेव्हा परवानगीच्या कागदात पुरातत्त्वीय नोंद करण्याची अट पुष्कळदा असते. त्या एका अटीखाली दोन निराळी कामे येऊ शकतात. एक ‘बिल्डिंग रेकॉर्डिंग’, मराठीत वास्तुनोंद. दुसरे ‘वॉचिंग ब्रीफ’, म्हणजे खोदकामावरची देखरेख. दोन्हींचा शेवट अहवालात होतो आणि कधीकधी माणसेही तीच असतात. त्यामुळे एक झाले की दुसरे उरकलेच, असा समज सहज होतो.

देखरेख सांगायला सोपी आहे. सांडपाण्याच्या नळासाठी चर खणला जात असताना पुरातत्त्वज्ञ काठावर उभा राहतो, जुनी भिंत किंवा खापरांचा थर दिसला की यंत्र थांबवायला सांगतो, जागा साफ करून छायाचित्रे घेतो, थरांचा उभा छेद बहुधा 1:10 प्रमाणात काढतो, आणि मग काम पुढे सरकते. चर कुठून जाणार हे नळाने ठरवलेले असते, पुरातत्त्वज्ञाने नव्हे. म्हणून ‘काही आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ त्या चराच्या रुंदीपुरताच घ्यावा. अख्ख्या अंगणाला तो लावणे ही नेहमीची चूक आहे.

वास्तुनोंदीत वाचायचे असते ते उभे बांधकाम, आणि ती दुरुस्ती सुरू होण्याआधीच हाती घ्यावी लागते. हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या मार्गदर्शनात तिच्या चार पातळ्या आहेत: पहिलीत मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या रूपाची टिपणे, तर चौथीत मोजमापाचे नकाशे, कागदपत्रांचा शोध आणि इमारतीच्या घडणीचे सविस्तर विश्लेषण. नुसते फोटो काढून ‘नोंद झाली’ म्हणणाऱ्यांनी ही चौथी पातळी एकदा वाचून पाहावी. तुळईच्या अंगावर कुसासाठी, म्हणजे जोडायच्या लाकडाच्या टोकासाठी, कोरलेली खाच रिकामी असेल, तर ती तुळई आधी दुसरीकडे वापरलेली असू शकते, किंवा तिला जोडलेला भाग नंतर काढून टाकलेला असू शकतो. सुतारांनी जोडणीसाठी कोरलेले आकडे क्रमाने लागतात की मध्येच तुटतात, हेही पाहावे लागते. ओकच्या लाकडाची वार्षिक वलये मोजून, साल शाबूत असल्यास, झाड तोडल्याचे वर्षही कळू शकते. जुन्या काळी ओक ओला असतानाच वापरत, त्यामुळे बांधकामाचा काळ त्याच्या जवळपासच धरता येतो.

केंटमधील इटम मोट हा खंदकाने वेढलेला वाडा मूळचा 1320 च्या सुमाराचा. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने 1989 ते 2004 या काळात त्याची दुरुस्ती करताना बराच भाग उतरवून, बांधणीच्या पद्धती नोंदवून, मग तो पुन्हा उभा केला. डेथवॉच बीटल या लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने केलेली हानी तेव्हा उघडी पडली आणि नंतरच्या भरींमागे दडलेले मूळचे तपशीलही. एवढे उकलायचे असताना नोंद आधी आणि दुरुस्ती मागून, असा साधा क्रम राहत नाही. जे उघडेल ते नोंदवायचे आणि त्यावरून पुढचा निर्णय घ्यायचा.

पण दोन्ही कामांची सीमा खरी पुसट होते ती तक्तपोशीखाली. नॉरफकमधील ऑक्सबर्ग हॉल या जुन्या वाड्याच्या छपराची दुरुस्ती चालू असताना, 2020 मध्ये, पोटमाळ्याच्या फळ्या उचलल्या गेल्या. खालच्या राडारोड्यात उंदरांची जुनी घरटी निघाली आणि त्यांत जुन्या कापडांचे दोनशेहून अधिक तुकडे. शिवाय पंधराव्या शतकातील सुशोभित हस्तलिखिताचा एक तुकडा आणि 1568 सालच्या एका भक्तिपर पुस्तकाची जवळजवळ अखंड प्रत. चुन्याने ओल शोषून घेतल्यामुळे हे सारे टिकले. हस्तलिखित आणि पुस्तक सापडले ते बांधकामाच्या मजुरांना. शोध इमारतीच्या पोटातला, पण पद्धत मातीच्या थरांची: राडा हाताने चाळायचा, आणि कोणती वस्तू कोणत्या दोन तुळयांमधल्या पोकळीत मिळाली ते त्याच वेळी लिहायचे. एकदा तो राडा पोत्यात भरला गेला, की वरच्या खोलीतला कचरा आणि पलीकडच्या खोलीतून उंदराने ओढून आणलेली चिंधी यांत फरक करता येत नाही.