राखेचं सिमेंट म्हणजे भेसळ नव्हे

परळीचं औष्णिक वीज केंद्र जवळ असल्यामुळे असेल, पण ‘कंपन्या सिमेंटात राख घालून फसवतात, असा स्लॅब टिकत नाही’ हे बीड-लातूरकडे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. पोत्यावर ‘पीपीसी’ (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) लिहिलेल्या सिमेंटात १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश, म्हणजे वीज केंद्रात कोळसा जळून धुराबरोबर उडणारी बारीक राख, असते. भारतीय मानकातच तशी तरतूद आहे.

सिमेंट पाण्याशी संयोग पावताना मोकळा चुना तयार होतो. राखेतली सिलिका त्याच्याशी हळूहळू संयोग पावते आणि काँक्रीटमधली बारीक छिद्रं भरत जातात. त्यामुळे पाणी कमी झिरपतं. सुरुवातीला ताकद सावकाश येते, एवढंच. नंतर मात्र ती बराच काळ वाढत राहते.

खरा घात होतो पाणी मारण्यात. कोरड्या, कडक उन्हात अशा काँक्रीटला किमान १४ दिवस ओलावा हवा. टँकरच्या भरवशावरच्या गावात आठवड्यातच हात आखडतो, आणि भेगा पडल्या की दोष राखेला!

वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यातली जाडसर, ओली राख मात्र बांधकामावर गवंड्याच्या अंदाजाने सिमेंटात कालवू नका. कारखान्यात वापरतात ती धुरातून पकडलेली, कोरडी, बारीक आणि तपासलेली राख असते.