फुलरटनच्या रेडिओ दुकानातून बर्डीपर्यंत: ट्यूब अ‍ॅम्पच्या नकलेची पार्श्वभूमी

नागपुरात आम्ही दोघं-तिघं मित्र सध्या १९५० च्या दशकातल्या फेंडर चॅम्पची नक्कल बांधतोय, म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीचा तो एका नॉबचा छोटा गिटार अ‍ॅम्प, जुन्या रेडिओतल्या काचेच्या ट्यूबवर म्हणजे वॉल्व्हवर चालणारा, आणि ज्याला सांगावं तो हेच विचारतो की काहून भाऊ, एवढ्यात तर नवा डिजिटल अ‍ॅम्प येते, आणि इतकं करून ओरिजनल तर नाहीच ना तो. प्रश्न बरोबर आहे. पण ज्याला आपण ओरिजनल म्हणतो तो अ‍ॅम्प कुठून आला ते बघितलं की कळतं, ही सगळी परंपराच एकमेकांचं सर्किट बघून बांधायची आहे, आणि ती सुरू झाली रेडिओ रिपेअरवाल्यांच्या टेबलावर.

सुरुवातीचं पटकन सांगतो. १९०४ मध्ये फ्लेमिंगने डायोड वॉल्व्ह केला, १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने त्यात तिसरा इलेक्ट्रोड म्हणजे ग्रिड घातली, तो झाला ट्रायोड, त्यावरून पुढे छोटा सिग्नल मोठा करता यायला लागला आणि मग रेडिओ घरोघरी गेले. वॉल्व्हच्या फिलामेंटला जे ६.३ व्होल्ट लागतात ना, तो आकडा मोटारीतल्या त्या काळच्या तीन सेलच्या बॅटरीवरून आलाय, कारण तेव्हा गाडीतही रेडिओ बसवत होते. १९३६ च्या आसपास अमेरिकेत ६एल६ आणि ६व्ही६ हे आउटपुटचे वॉल्व्ह आले आणि आजही गिटार अ‍ॅम्पमध्ये हे दोन खूप दिसतात. आरसीए कंपनी वॉल्व्हचं एक मॅन्युअल स्वस्तात विकायची, त्यात प्रत्येक वॉल्व्हला कुठला रेझिस्टर लावला तर किती गेन मिळेल याचे तक्ते आणि मागे तयार सर्किटं असायची. दुकानात बसून रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला कॉलेजात न जाता अ‍ॅम्प्लिफायर बांधता यावा एवढं सगळं त्यात होतं.

लिओ फेंडर असाच माणूस. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात १९३८ मध्ये त्याने रेडिओ रिपेअरचं दुकान टाकलं, गावातले वादक त्यांचे अ‍ॅम्प आणि पीए म्हणजे सभेचे लाउडस्पीकर सेट दुरुस्तीला आणायचे, त्यातून काय तुटतं, काय तापतं, काय लवकर खराब होतं हे त्याला रोज दिसत होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९४५ मध्ये डॉक कॉफमनबरोबर त्याने छोटे अ‍ॅम्प आणि स्टील गिटार बनवायला घेतल्या, मग स्वतःची कंपनी काढली. त्याच्या सुरुवातीच्या अ‍ॅम्पवर लेबल असायचं की हे सर्किट वेस्टर्न इलेक्ट्रिक आणि एटीअँडटीच्या पेटंटच्या लायसन्सखाली आहे. मूळ कल्पना टेलिफोनवाल्यांच्या, आकडे वॉल्व्हच्या मॅन्युअलमधल्या धाटणीचे. फेंडरचं खरं काम वेगळंच आहे आणि माझ्या मते तेच जास्त मोठं आहे: आतली मांडणी इतकी सुटसुटीत ठेवली की कुठलाही मिस्त्री उघडून अर्ध्या तासात बिघडलेला पार्ट शोधू शकेल.

त्याच्या मॉडेलचे कोड सुरुवातीला डोक्यावरून जातात पण सोपे आहेत. ५एफ१ मध्ये ५ म्हणजे पन्नासचं दशक, एफ म्हणजे सर्किटची कितवी सुधारणा, आणि १ म्हणजे चॅम्प. ५ई३ म्हणजे डिलक्स, ५एफ६-ए म्हणजे बासमन. ५एफ१ मध्ये फक्त तीन वॉल्व्ह. १२एएक्स७ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, गिटारचा सिग्नल त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात जातो, मग व्हॉल्यूम, मग त्याच वॉल्व्हचा दुसरा अर्धा भाग, मग ६व्ही६, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि आठ इंची स्पीकर. डीसी करायला ५वाय३ रेक्टिफायर. निघतात साधारण ५ वॉट. आता आपल्या आजोबांच्या वॉल्व्ह रेडिओचं मागचं झाकण काढा, डिटेक्टरच्या पुढे एक ट्रायोड, एक आउटपुट वॉल्व्ह, एक ट्रान्सफॉर्मर, एक स्पीकर. म्हणजे चॅम्प हा रेडिओचा शेवटचा अर्धा भाग आहे, गिटारचा पिकअप (तारांचा कंप पकडणारी कॉइल) कमकुवत म्हणून एक ट्रायोड जास्त, बस.

पुढची गोष्ट लंडनची. जिम मार्शलचं हॅनवेलमध्ये ड्रमचं दुकान होतं, तिथे येणाऱ्या गिटारवाल्या पोरांना अमेरिकन अ‍ॅम्प हवे होते आणि ते आयात करून फार महाग पडायचे, म्हणून १९६२ मध्ये त्याने केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना घेऊन सरळ फेंडर बासमन ५एफ६-ए समोर ठेवून तसाच अ‍ॅम्प बांधला. तोच जेटीएम४५. सर्किट जवळपास तेच, पण पार्ट मिळतील ते. ट्रान्सफॉर्मर तिथल्या रेडिओस्पेअर्सचे, स्पीकर सेलेस्टियनचे आणि तेही मागून बंद खोक्यात, चेसिस अ‍ॅल्युमिनियमची, पहिला वॉल्व्ह १२एवाय७ ऐवजी ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७, ज्याचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर दुपटीहून जास्त, आणि पुढे आउटपुटला इंग्लंडमध्ये मिळणारे केटी६६. एवढ्याने आवाज बदलला, लवकर फाटायला लागला म्हणजे डिस्टॉर्ट व्हायला लागला, आणि त्या फाटण्यातून रॉकचा अख्खा आवाज निघाला. कॉपी करायला बसले होते आणि गावात मिळणाऱ्या सामानाने वेगळाच अ‍ॅम्प झाला, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात सुंदर प्रकरण वाटतं. आज लोक त्या जेटीएम४५ च्याही नकला बांधतात.

फेंडरला हा फाटलेला आवाज नकोच होता, त्याला स्वच्छ आणि मोठा हवा होता, प्रत्येक सुधारणेत तो तिकडेच जात होता. पण छोटा अ‍ॅम्प फुल केला की ६व्ही६ ची हद्द संपते, सिग्नलची टोकं गोल होऊन कापली जातात, जोरात वाजवलं की ५वाय३ वरचं व्होल्टेज थोडं खाली बसतं आणि सूर दाबून परत वर येतो, बोटाखाली ते कळतं. रॉक गायक-गिटारवादक नील यंग इतकी वर्षं तो जुना ट्वीड (वरून जाड कापड लावलेला) डिलक्स घेऊन फिरतोय ते याचसाठी. १९६५ मध्ये फेंडरने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली, तोवर ट्रान्झिस्टर आलाच होता, हळूहळू रेडिओ-टीव्हीतून वॉल्व्ह गेले आणि अमेरिका-इंग्लंडमधले वॉल्व्हचे कारखाने एकेक करून बंद पडले. जुने अ‍ॅम्प तेवढेच उरले, मागणी वाढली, किमती चढल्या, आणि सर्किट तर जगजाहीर होतंच. नकलांचा धंदा आणि नाद दोन्ही तिथून वाढले.

आता आपल्याकडे. १९४८ च्या जुलैत नागपूर आकाशवाणी सुरू झाली, पोस्टात लायसन्स भरून लोक रेडिओ ठेवायचे, आणि वॉल्व्ह सुरुवातीला बाहेरूनच यायचे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये फिलिप्सच्या मदतीने रेडिओचे वॉल्व्ह इथेच बनवायला घेतले, आजही जुन्या सेटमध्ये बीईएल छापलेला ईएल८४ किंवा ईसीसी८३ निघतो आणि बरेचदा चालूही असतो. सभा, लग्न, गणपतीच्या मांडवात अहुजासारखे पीए अ‍ॅम्प्लिफायर होते, तेही एके काळी वॉल्व्हचेच. परदेशी गिटार अ‍ॅम्प १९९१ च्या आधी आयात करणं सामान्य वादकाच्या बसची गोष्ट नव्हती, त्यामुळे ऑर्केस्ट्रातला गिटारवाला मिळेल त्या माइकच्या अ‍ॅम्प्लिफायरला जॅक लावून वाजवायचा. म्हणजे नागपूरच्या इतवारी किंवा महाल भागात बसलेल्या रेडिओ मिस्त्रीला फुलरटनच्या माणसाएवढंच येत होतं. मशीन तपासायला १०० वॉटचा बल्ब सीरिजमध्ये लावायचा हा जो सीरिज लॅम्प आहे ना, आज अमेरिकेतले अ‍ॅम्प बांधणारे तो मोठ्या कौतुकाने शिकवतात, आपल्याकडे तो प्रत्येक मिस्त्रीच्या टेबलावर कधीपासून आहे.

नक्कल इथे बांधताना हा सगळा इतिहास पुन्हा आडवा येतो. मूळ चॅम्प ११७ व्होल्ट ६० सायकलवर चालायचा, आपली लाइन २३० व्होल्ट ५० सायकल. नुसता स्टेपडाउन लावून अमेरिकन ट्रान्सफॉर्मर चालवला तर फ्रिक्वेन्सी कमी म्हणून कोअरवर २० टक्के जास्त भार येतो, तो तापतो, आणि मे महिन्यात खोलीच ४२-४३ डिग्रीला असते तेव्हा हे परवडत नाही. म्हणून मेन्स ट्रान्सफॉर्मर इथेच वाइंडिंगवाल्याकडून भरून घ्यायचा, स्टॅम्पिंग म्हणजे कोअरच्या पत्र्या एक नंबर मोठ्या घ्यायच्या आणि प्रायमरीला २२० आणि २४० असे दोन टॅप काढून ठेवायचे, कारण रात्री लोड कमी झाला की लाइन चढते. हम म्हणजे स्पीकरमधली गुणगुणही तशीच, अमेरिकेत १२० सायकलचा, आपला १००, पहिला कंडेन्सर १६ मायक्रोफॅरडचा होता तो २२ केला की पुरतं, फार मोठा टाकला तर ५वाय३ वर ताण येतो.

फेंडरचा आतला बोर्ड मेणात बुडवलेल्या काळ्या फायबरचा होता. तो ओलावा पितो आणि वर्षानुवर्षांनी त्यातून बारीक करंट गळायला लागतो, जुने अ‍ॅम्प त्यामुळे करकर करतात. आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये तर विचारायलाच नको. बर्डीला म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये विचारलं की हायलमची म्हणजे कडक लॅमिनेटची शीट मिळते, त्यावर टॅग ठोकून तीच मांडणी करायची, दिसायला थोडं वेगळं पण आयुष्यभराचं काम. इथे मी ओरिजनलचा हट्ट धरत नाही.

आणि अर्थिंग, इथे तर अजिबातच नाही. त्या काळच्या अनेक अमेरिकन अ‍ॅम्पला दोन पिनचा प्लग असायचा आणि मेन्स ते चेसिस असा एक कंडेन्सर, तो शॉर्ट झाला की गिटारच्या तारांवर लाइन, लोक त्याला डेथ कॅप म्हणतात. नकलेत तो टाकायचा नाही, तीन पिन आणि नीट अर्थिंग. महालातल्या जुन्या वाड्यांमध्ये अर्थिंग नावालाच असतं आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं, ते आधी तपासा. तसंच कबाड्याकडून रेडिओ आणून त्याचाच अ‍ॅम्प करायचा असेल तर आत मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे का बघा. यूएल८४ वगैरे यू सिरीजचे वॉल्व्ह असलेले एसी-डीसी सेट ट्रान्सफॉर्मरशिवाय चालतात, त्यांची चेसिस थेट लाइनला असते, त्याला गिटार लावायची नाही म्हणजे नाही. चॅम्पमध्येही आत साडेतीनशे व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात, रेझिस्टरने उतरवून, मीटरवर शून्य बघून मगच हात घालायचा.

खोक्याचं थोडक्यात. मूळ खोकं पाइनच्या फळ्यांचं, हलकं, आवाजाबरोबर थोडं थरथरणारं. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान हाताशी आहे म्हणून मोह होतो पण ते जड पडतं, पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन जास्त जवळचं. वरचं कापड म्हणजे प्रवासाच्या बॅगांना लावायचं जाड कॉटन ट्विल, वर लॅकर. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली त्या शहरात जाड सुती कापड शोधायला फार फिरावं लागत नाही.

वॉल्व्ह मात्र बाहेरचेच. आज नवीन बनतात ते मुख्यतः रशियात सारातोव्हला, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये, आणि २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा जगभर किमती उसळल्या होत्या, नंतर माल परत सुरू झाला. आम्ही ६व्ही६ आणि ५वाय३ नवीन मागवलेत, आणि १२एएक्स७ च्या जागी बीईएलचा जुना ईसीसी८३ लावणार आहोत, पिना त्याच, बेस तोच, फक्त बंगळुरूचा.