मिस्ड कॉल

मिस्ड कॉल : एखाद्याला फोन लावून, त्याने उचलण्याआधीच तो मुद्दाम कापण्याची प्रथा. बोलण्यात ‘मिसकॉल देणे’ किंवा ‘मिसकॉल मारणे’. पैसा न खर्चता निरोप पोचवणे किंवा ‘आता तू फोन कर’ असे सुचवणे, हा तिचा हेतू. भारतात साधारण २००० ते २०१६ या काळात ती भरात होती. बांगलादेशात, पाकिस्तानात आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांतही तिचे भाऊबंद सापडतात. गरिबाची युक्ती म्हणून तिची बोळवण केली जाते, पण ते अर्धेच खरे आहे. बोलण्याचे पैसे कोणी भरायचे हे न भांडता ठरवण्याची ती एक रीत होती, आणि पुढे बँका, राजकीय पक्ष, सरकारी खाती सगळेच त्या हिशेबात येऊन बसले.

फोन लावला की नेटवर्क पलीकडचा हँडसेट शोधते, त्याला रिंग देते आणि लावणाऱ्याचा नंबर पडद्यावर दाखवते. एवढे सगळे होऊनही पैसे कापले जात नाहीत, कारण आकारणी सुरू होते ती फोन उचलला गेल्यावर. म्हणजे कंपनीची यंत्रणा राबते आणि बिल होते शून्य. खात्यात अगदीच खडखडाट असेल तर मात्र कॉल लागतच नसे. म्हणून प्रीपेडवाले शेवटचा रुपया-दोन रुपये मिस्ड कॉलपुरते राखून ठेवत.

लँडलाइनच्या काळातही याचे साधे रूप होते. पोचल्यावर दोन रिंग देऊन ठेवतो, असे सांगून माणूस घरातून निघे आणि घरचे रिंगा मोजत. पण त्या फोनवर नंबर दिसत नसल्यामुळे संकेत आधी ठरवावा लागे आणि नेमक्या वेळी दुसऱ्याच कोणाचा फोन आला तर सगळा घोटाळा होई. मोबाइलच्या पडद्यावर नाव उमटू लागले तेव्हा ही अडचण संपली. कोणी आठवण काढली हे नावावरून कळे आणि का काढली हे वेळेवरून.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना दिल्लीत फोन केला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर जात आणि आलेल्या फोनचेही पैसे लागत. साहजिकच खिशात मोबाइल असलेला माणूस नाव बघून कॉल कापे आणि जवळच्या पीसीओवरून उलट फोन करी. मिस्ड कॉलची सवय अशी श्रीमंतांपासून सुरू झाली, हे आता कोणाला खरे वाटत नाही.

प्रथेला खरे बळ आले ते १ मे २००३ पासून. त्या दिवशी इनकमिंग फुकट झाले आणि ‘जो फोन लावतो तो पैसे भरतो’ ही पद्धत देशभर लागू झाली. त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपये भरून हँडसेट घरी नेण्याची योजना आणली आणि नोकियाचा टॉर्चवाला ११०० बाजारात आला. रोजंदारीवरच्या माणसाच्या हातात फोन तर आला, पण बोलण्याचे पैसे मोजूनमापून खर्चायचे होते. त्यात २००५च्या अखेरीस ‘लाइफटाइम’ सिम निघाली. एकदा ठरावीक रक्कम भरली की इनकमिंग चालूच राहणार. यातून फक्त फोन घेणारे आणि फक्त मिस्ड कॉल देणारे असे ग्राहक मोठ्या संख्येने तयार झाले. १ मार्च २००६ पासून बीएसएनएल आणि एमटीएनएलने देशभर एक रुपया मिनिट हा दर आणला, तरी रुपया हा रुपयाच होता.

शिवाय मिनिटाची आकारणी म्हणजे पूर्ण मिनिटाची. पलीकडच्याने घाईघाईने फोन उचलून नुसते ‘हॅलो’ म्हटले तरी आख्खे मिनिट गेले. एक रिंग होऊन दुसरी वाजायच्या आत अंगठा लाल बटणावर नेणे ही म्हणूनच सरावाची गोष्ट होती. उचलणारा उतावळा असेल तर आधी बजावून ठेवावे लागे : उचलू नकोस, मी नुसती रिंग देणार आहे. मित्राचा मिस्ड कॉल मुद्दाम उचलून त्याचा रुपया घालवणे हा कॉलेजच्या कट्ट्यावरचा आवडता वात्रटपणा होता. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदावर आकारणी सुरू केली, बाकीच्या कंपन्यांनाही तेच करावे लागले आणि या खोडीतली मजा गेली.

कोणी कोणाला द्यायचा

मिस्ड कॉल कोणी द्यायचा आणि उलट फोन कोणी करायचा याचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण ते सहसा कोणी मोडत नसे. हॉस्टेलवरच्या मुलाने वडिलांना दिला तर चाले. वडिलांनी मुलाला दिला तर घरी काहीतरी बिनसले आहे असे समजायचे. कामगाराने मुकादमाला द्यावा, मुकादमाने शेठला, शेठने मात्र सरळ फोन लावावा. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे आहे त्याला मिस्ड कॉल देणे हा उर्मटपणा. नोकरी मागायला गेलेल्याने साहेबाला मिस्ड कॉल दिला तर नोकरीचा विचार सोडून द्यावा. जोनाथन डोनर या संशोधकाने २००७ मध्ये आफ्रिकेतल्या याच प्रथेबद्दल लिहिताना हेच नोंदवले आहे : ज्याचा खिसा भरलेला, त्याने बोलण्याचा खर्च करावा. तिकडे मुलीवर छाप पाडू पाहणारा मुलगा मिस्ड कॉल देत नाही, असेही तो सांगतो. इकडेही वेगळे नव्हते. प्रेमात मुलीने मिस्ड कॉल द्यायचा आणि मुलाने रिचार्ज मारून रात्रभर बोलायचे.

उलट फोन करायची गरज नसलेले मिस्ड कॉलही तितकेच होते. मुंबईत कामाला असलेला नवरा रात्री पाळी संपल्यावर गावी एक रिंग देई. सुखरूप आहे, जेवून झोपतो, एवढा त्याचा अर्थ आणि उत्तरादाखल तिकडूनही एक रिंग. दूधवाला फाटकाशी आला की मिस्ड कॉल. शाळेची रिक्षा वळणावर आली की मिस्ड कॉल. घरात हरवलेला फोन शोधायलाही तोच. दक्षिण आफ्रिकेत व्होडाकॉमने २००१ मध्ये ‘कृपया मला फोन करा’ असा फुकट संदेश पाठवण्याची सोय काढली. आपल्याकडे असली वेगळी सोय लोकांना कधी फारशी लागली नाही, कारण रिंगेत सगळेच भागत होते.

याची दुसरी बाजू बायकांच्या वाट्याला आली. घरात एकच फोन आणि तो बहुधा पुरुषाच्या खिशात, अशा घरांत अनोळखी नंबरावरून आलेला मिस्ड कॉल म्हणजे घरातल्या मुलीची उलटतपासणी. दहा-दहा नंबर अंदाजाने फिरवायचे, बाईचा आवाज लागला की रोज रिंग देत राहायची, हा त्रास देशभर होता. उत्तर प्रदेशात रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. रिचार्ज करायचा तर दुकानदाराच्या वहीत नंबर लिहावाच लागे, आणि ती वही गल्ल्यावर उघडी पडलेली असे. २०१३ मध्ये पाठलाग करणे हा भारतीय दंडविधानात स्वतंत्र गुन्हा झाला. नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे त्यात येते. पण नुसत्या रिंगेची तक्रार घेऊन पोलिस ठाण्यात जाणाऱ्या बाईला काय ऐकावे लागत असेल, ते सांगायला नको.

शेतातली मोटार

महाराष्ट्रात मिस्ड कॉलचा सगळ्यात कल्पक उपयोग माणसांसाठी झालाच नाही. शेतीपंपांना तीन फेजची वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळी असली की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन विहिरीवर जावे लागते. लाइट आली की मोटार चालू, गेली की परत वाट बघणे. साप, विंचू, बिबट्या आणि ओल्या हाताने हाताळायचा स्टार्टर. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी यावर ‘नॅनो गणेश’ हे यंत्र बनवले. ते स्टार्टरला जोडायचे, त्यात सिम घालायचे आणि घरून फोन लावून मोटार चालू-बंद करायची. वीज आहे की नाही तेही फोनवरच कळते. २००९ मध्ये नोकियाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले.

गावोगावच्या हुन्नरी वायरमनांनी त्याहून स्वस्तातले ‘मोबाइल स्टार्टर’ जमवले. स्टार्टरच्या पेटीत एक जुना हँडसेट ठेवायचा, त्याच्या रिंगच्या किंवा व्हायब्रेटरच्या तारा रिलेला, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचला, जोडायच्या, आणि मोटारीच्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. बोलायचे कोणाशीच नसल्यामुळे खर्च काही नाही. अगदी साध्या जोडणीत राँग नंबर लागला तरी मोटार चालू होण्याची पंचाईत असे, म्हणून तो नंबर घरच्या घरीच ठेवत.

संस्थांच्या हाती

लोकांच्या या काटकसरीतून धंदा होऊ शकतो हे ओळखले बंगळुरूच्या झिपडायल या कंपनीने. २०१० मध्ये ती सुरू झाली. ग्राहकाने जाहिरातीतल्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा आणि कंपनीने त्याला एसएमएस किंवा फोन करायचा. ग्राहकाचा रुपया वाचला; कंपनीला त्याचा चालू नंबर मिळाला, जो रुपयापेक्षा कितीतरी महाग होता. जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने झिपडायल विकत घेतली.

मधल्या काळात राजकारण या वाटेने गेले. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या २०११ मधल्या लोकपाल आंदोलनाला लोकांनी मिस्ड कॉलवर पाठिंबा नोंदवला. भाजपने नोव्हेंबर २०१४ पासून मिस्ड कॉलवर सदस्यनोंदणी केली आणि चिनी कम्युनिस्ट पक्षाला मागे टाकून जगातला सर्वांत मोठा पक्ष झाल्याचा दावा २०१५ मध्ये केला. ‘मिस्ड कॉलचे सदस्य’ म्हणून विरोधकांनी हिणवले, त्यात तथ्य होते : रिंग देणाऱ्याचा नंबर कळतो, निष्ठा कळत नाही. हिंदुस्थान युनिलिव्हरने २०१३ मध्ये बिहार-झारखंडमध्ये ‘कान खजुरा टेशन’ काढले. मिस्ड कॉल दिला की उलट फोन येई आणि त्यावर गाणी, विनोद आणि मधे साबणाच्या जाहिराती. वीज आणि टीव्ही दोन्ही बेभरवशाचे असलेल्या खेड्यांत ते चांगले चालले. छत्तीसगडमधल्या ‘सीजीनेट स्वर’ या फोनवरच्या बातमीसेवेवर आदिवासी भागातले लोक याच पद्धतीने आपल्या गावची बातमी स्वतःच्या आवाजात नोंदवत आणि दुसऱ्यांची ऐकत.

उतार

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले आणि बोलणे फुकट झाले. मिस्ड कॉल लगेच संपला मात्र नाही, फक्त त्याची दिशा बदलली. ज्यांच्याकडे जिओ नव्हते ते जिओवाल्या नातेवाइकाला रिंग देऊ लागले, कारण उलट फोन करायला त्याचे काही जात नव्हते. पण जिओचे जात होते. दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर केलेल्या कॉलसाठी तिला त्या कंपनीला मिनिटाला आधी चौदा आणि ऑक्टोबर २०१७ पासून सहा पैसे द्यावे लागत. आपल्या नेटवर्कवर रोज २५ ते ३० कोटी मिस्ड कॉल येतात, असे जिओने २०१९ मध्ये सांगितले आणि त्या ऑक्टोबरपासून ग्राहकांकडून ते सहा पैसे घ्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास रिंग वाजण्याचा वेळही कंपन्यांनी गुपचूप कमी केला. रिंग लवकर थांबली की फोन उचलायचा राहतो, पलीकडचा उलट फोन करतो आणि सहा पैसे आपल्याकडे येतात. लोकांची युक्ती आता खुद्द कंपन्या एकमेकींवर चालवत होत्या. शेवटी दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘ट्राय’ला मध्ये पडून नियम करावा लागला : मोबाइलची रिंग ३० सेकंद आणि लँडलाइनची ६० सेकंद वाजलीच पाहिजे. हे सहा पैसे १ जानेवारी २०२१ पासून रद्द झाले.

योगायोग असा की इंडेन गॅसचे सिलिंडर मिस्ड कॉलवर बुक करण्याची सोय देशभर सुरू झाली तीही त्याच दिवशी. भविष्यनिर्वाह निधीची शिल्लक आणि बँकेतली बाकी अजूनही मिस्ड कॉलवर कळते. साध्या फोनवरून पैसे देण्यासाठी मार्च २०२२ मध्ये आलेल्या ‘यूपीआय १२३पे’मध्येही मिस्ड कॉलचा एक मार्ग आहे.

माणसामाणसांतला मिस्ड कॉल मात्र मागे पडला, आणि त्याचे श्रेय एकट्या फुकट बोलण्याला देणे बरोबर नाही. २०१८च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने महिन्याला किमान ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा केला. रिचार्ज केला नाही तर आधी आउटगोइंग बंद, काही दिवसांनी इनकमिंगही. ‘लाइफटाइम’ सिमवर वर्षानुवर्षे नुसत्या रिंगा देणारा ग्राहक कंपन्यांना नकोसा झाला होताच; या नियमाने तो बाहेर गेला. आता रिचार्ज असेल तर बोलणे फुकट आहे, त्यामुळे रिंग देऊन कापण्यात काही वाचत नाही. रिचार्ज नसेल तर रिंगही जात नाही. इंटरनेट नको, नुसते बोलणे आणि एसएमएस पुरे, अशा ग्राहकांसाठी वेगळे पॅक ठेवण्याचा आदेश ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना दिला.