स्टॉक कार रेस म्हणजे नुसतं डावीकडे वळणं? जरा खुलासा

अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसबद्दल (म्हणजे बाहेरून साध्या रस्त्यावरच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांची रेस) एक मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, "गोल ट्रॅक, सारखं डावीकडे वळायचं, त्यात कसलं आलंय स्किल?" टीव्हीवर वरून बघितलं की खरंच तसं वाटतं, त्यामुळे पटणं साहजिक आहे.

पण आधी ट्रॅक बघा. शॉर्ट ट्रॅक म्हणजे एक मैलापेक्षा लहान, व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलचा तर ०.५२६ मैल, म्हणजे साधारण ८५० मीटर. सरळ पट्टा संपला की कचकन ब्रेक, वळण, परत गॅस, दर लॅपला दोनदा, रात्रीच्या रेसमध्ये ब्रेकच्या डिस्क लालबुंद झालेल्या दिसतात! आता वळणातून निघताना गॅस जरा जास्त झाला की मागची चाकं बाहेर घसरतात, मग गाडी सावरायला स्टिअरिंग उजवीकडेच द्यावं लागतं.

त्यात उजवीकडचं मागचं टायर मुद्दाम घेराने मोठं लावतात, कागदी कप आडवा लोटला की कसा गोल फिरतो, तशी गाडी आपसूक डावीकडे ओढते, म्हणजे सरळ पट्ट्यावरही तिला धरून ठेवायचं. हा घेर टेपने मोजतात, अंदाज चुकला तर गाडी वळायलाच मागत नाही नाहीतर गिरकी घेते. आणि गावपातळीवरचे बरेच ड्रायव्हर हे सगळं आठवडाभर नोकरी सांभाळून, संध्याकाळी गॅरेजमध्ये स्वतः करतात, त्यांचं मला फार कौतुक वाटतं.

खात्री करायचीय? यूट्यूबवर गाडीच्या आतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ लावा आणि फक्त ड्रायव्हरचे हात बघा. मातीच्या ट्रॅकची रेस मिळाली तर अजून सोपं, गाडी डावीकडे वळतेय आणि पुढची चाकं चक्क उजवीकडे.