खडकांचे प्रकार

एका किंवा अनेक खनिजांचा नैसर्गिकरीत्या बनलेला घट्ट समुच्चय म्हणजे खडक. खडकांचे वर्गीकरण रंगावरून किंवा कठीणपणावरून होत नाही, ते कसे तयार झाले यावरून होते. त्यानुसार अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित असे तीन वर्ग मानतात. पुणे शहराखाली, त्याच्या टेकड्यांत आणि सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत यांपैकी एकच वर्ग आढळतो, तो म्हणजे अग्निजन्य. बाकीचे दोन पुणेकरांच्या घरात फरशी आणि मार्बलच्या रूपाने ट्रकमधून आलेले आहेत.

शिलारस, म्हणजे जमिनीखालचे वितळलेले खडकद्रव्य, थिजून अग्निजन्य खडक होतो. जमिनीत खोलवर तो फार सावकाश निवतो, त्यामुळे खनिजांचे स्फटिक डोळ्यांना दिसण्याइतके वाढतात. ग्रॅनाइट असा तयार होतो. शिलारस लाव्हा होऊन वर आला तर लवकर थिजतो आणि दगडाचा पोत बारीक राहतो, बेसाल्टसारखा. बेसाल्ट पाण्यात साचून झाला असावा, असे अठराव्या शतकात युरोपातील बरेच विद्वान मानत. स्कॉटलंडच्या जेम्स हॉल यांनी तो भट्टीत वितळवून पाहिला. झटकन निवला तर काच आणि सावकाश निवला तर पुन्हा दगड मिळतो, असे त्यांना दिसले. या प्रयोगाने जुन्या मताला मोठा धक्का बसला.

दख्खनचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. शंकूच्या आकाराचे मोठमोठे ज्वालामुखी डोळ्यांसमोर आणले तर हे चित्र चुकते. इथे लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. झीज होऊनही आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापला आहे. कोयना परिसरात केलेल्या खोल छिद्रणात एक किलोमीटरहून अधिक बेसाल्ट भेदल्यावर खाली ग्रॅनाइटी पाया लागला. घाटरस्त्याच्या कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांमध्ये तांबडा मातकट पट्टा दिसतो. एक लाव्हा थिजल्यावर पुढचा येईपर्यंत गेलेल्या काळाची ती खूण मानली जाते.

सगळा बेसाल्ट सारखा नसतो. घट्ट काळा पाषाण पाटा-वरवंटा, जाते, वाड्याचे जोते आणि आता क्रशरवरची खडी यांना लागतो. जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणे साधारण आठव्या शतकात नंदीमंडपासह अखंड बेसाल्टात कोरले गेले. थिजताना लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे आत अडकले तर दगड सच्छिद्र होतो. पुढे झिरपत्या पाण्यातून त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ अशी खनिजे साचतात. पांढरे ठिपके असलेला हा मांजऱ्या खडक बांधकामाला कमी प्रतीचा समजतात. जगभरच्या खनिजसंग्राहकांचे मत मात्र उलटे आहे. वाघोलीच्या दगडखाणींत याच पोकळ्यांतून कॅव्हन्साइट हे खनिज मिळाले. झिओलाइटच्या पांढऱ्या स्फटिकांवर उमललेले त्याचे गडद निळे झुपके जगातल्या मोठ्या संग्रहांत आहेत. भूजलाच्या दृष्टीनेही असा झिजलेला किंवा भेगाळलेला थरच कामाचा ठरतो. अखंड घट्ट बेसाल्टात बोअर घेतली तर बहुधा धूळच उडते.

स्तरित खडक गाळातून होतात. झिजलेले कण पाण्याने किंवा वाऱ्याने वाहून येतात, थरांनी साचतात, वरच्या भाराने दबतात आणि त्यांतील खनिज द्रव्यांनी सांधले जातात. वाळूचा वालुकाश्म होतो, चिखलाचा शेल. चुनखडक पाण्यातल्या चुन्याच्या साक्याने किंवा जीवांच्या कवचांपासून बनतो. पुण्यातल्या जुन्या घरांची शहाबादी फरशी आणि फडताळातला कडप्पा हे चुनखडकच आहेत. शहाबादी वाड्याच्या काळ्या जोत्यापेक्षा कितीतरी कोटी वर्षांनी जुनी आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. लिंबू सांडून तसेच राहिले की तिचा तुळतुळीतपणा जातो, कारण आम्लाने चुना विरघळतो. विदर्भातला दगडी कोळसाही स्तरितांतलाच. जीवाश्म प्रामुख्याने याच वर्गात सापडतात.

आधीचा खडक न वितळता, केवळ उष्णता आणि दाब यांनी बदलला की तो रूपांतरित होतो. चुनखडकाचा संगमरवर, वालुकाश्माचा क्वार्ट्झाइट, शेलची पाटी, ग्रॅनाइटचा नाइस. देवघरातल्या मकराण्याच्या संगमरवरावरही लिंबाचा डाग पडतो, कारण रूप बदलले तरी द्रव्य चुन्याचेच राहते. ग्रॅनाइटच्या ओट्याला लिंबाची पर्वा नसते. बाजारात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड पुष्कळदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे रासायनिकदृष्ट्या बेसाल्टचाच खोलवर निवलेला भाऊबंद.

काही पदार्थ या तीन खणांत नीट बसत नाहीत. महाबळेश्वरचा आणि कोकणातला जांभा हा खडकांच्या तीव्र झिजेतून उरलेला लोह व ॲल्युमिनियमयुक्त अवशेष आहे. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. तिचा जन्म अग्नीत झाला, पण ती साचली गाळासारखी, म्हणून राखेच्या अशा थरांची नोंद काही अभ्यासक अग्निजन्यांत करतात, तर काही स्तरितांत.