पथ्य आणि श्रद्धा (नागपूर)

खाणेपिणे, आजारपण आणि बरे होणे यांना नागपूर व आसपासच्या भागात धार्मिक समजुतींनी दिलेल्या वळणाची ही नोंद. शहरात १८६२ पासून मेयो रुग्णालय आहे, १९४७ पासून ‘मेडिकल’ म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, सक्करदऱ्याला सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आणि आता एम्सही. त्यामुळे डॉक्टर मिळत नाही म्हणून लोक देवाकडे जातात, हे उत्तर इथे पुरे पडत नाही. पुष्कळ घरांत गोळ्या आणि अंगारा एकाच वेळी चालू असतात. दोन्हीकडे समान असते ते पथ्य : काय सोडायचे, किती दिवस आणि कोणाच्या सांगण्यावरून. डॉक्टरने कमी करायला सांगितलेले मीठ पंधरा दिवसांत पुन्हा ताटात येते; देवीपुढे सोडलेला पदार्थ मात्र माणूस वर्षानुवर्षे तोंडात घालत नाही.

वर्षाचे पथ्य पंचांग ठरवते. आषाढ सरताना आखाडीच्या मटणाच्या पंगती उठतात आणि श्रावण लागला की हलबा कोष्टी विणकरांच्या चुलीवरून शहरभर पसरलेल्या सावजी रश्श्याकडे पाठ फिरते. नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही; त्या दिवशी उकडलेल्या पदार्थांवर भागते. श्रावण अमावस्येला पोळा. त्या दिवशी दारात पळसाच्या डहाळ्या, म्हणजे मेढे, लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उपटून शिवेबाहेर टाकताना ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी ठोकतात. मारबत म्हणजे इडापिडा वाहून नेणारी बाई; खोकला, ताप, ढेकूण, डास, जे काही नकोसे असेल ते तिच्यासोबत पाठवायचे.

खेड्यातल्या या प्रथेचे नागपुरात मोठ्या मिरवणुकीत रूपांतर झाले. इथे मारबतीचे मोठे पुतळे असतात; काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. इतवारीच्या गल्ल्यांतून त्या जातात तेव्हा बायका लेकरांना घेऊन पिवळीच्या पाया पडतात आणि तीच मारबत पुढे शहराबाहेर जाळली जाते. सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे टीकेसाठी केलेल्या पुतळ्यांवर, महागाई आणि भ्रष्टाचाराबरोबर डेंग्यूचाही नंबर लागतो. इडापिडा गेली की त्याच दिवशी, करीच्या निमित्ताने, महिनाभराचे पथ्य सुटते आणि मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. रोगराई हाकलणे आणि ताट पुन्हा भरणे एकाच दिवशी यावे, हा योगायोग वाटत नाही.

उन्हाळ्यातले पथ्य पितरांच्या नावाने चालते. अक्षय्य तृतीयेला घागर भरून पितरांना नैवेद्य दाखवेपर्यंत जुन्या घरांत पिकलेला आंबा खात नाहीत. त्या ताटात चिंच-गुळाची चिंचोणी आणि पन्हे असते. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना घाम गाळणाऱ्या माणसाला पाणी, मीठ आणि साखर देणारी ही पेये उपयोगाचीच.

उपवासाचे तसे नाही. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद या चारही गोष्टी अमेरिका खंडातून आल्या, तरी एकादशीला त्या बिनबोभाट चालतात आणि घरचा तांदूळ वर्ज्य ठरतो. मधुमेह्याला साबुदाण्याच्या खिचडीने साखर झपाट्याने चढते. उलट न खाता गोळी किंवा इन्सुलिन घेतले तर ती धोकादायकरीत्या उतरते. मोमिनपुऱ्यातल्या रोजेदारांनाही हीच अडचण येते. रमजानच्या आधी डॉक्टरकडून औषधांच्या वेळा बदलून घेणे हा त्यावरचा सरळ उपाय. तो नवरात्राच्या नऊ दिवसांनाही लागू आहे.

तापाच्या पुरळाला ‘माता आल्या’ म्हणतात. वस्तीवस्तीत, बहुधा कडुलिंबाखाली, मातामायचे शेंदूर फासलेले ठाणे असते. घरात माता आल्या की फोडणी बंद, मटण बंद, दारात लिंबाचा डहाळा आणि बाहेरच्यांना मज्जाव. रोगी उठला की मातामायला पाणी आणि दहीभात. या नियमांत रोग्याला वेगळे ठेवण्याची सोय आपोआप होते आणि हलके जेवणही मिळते. खऱ्या देवीच्या रोगाचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. त्यानंतर त्याचे सारे पथ्य कांजिण्या आणि गोवराच्या वाट्याला आले. औषध दिले तर माय कोपते ही समजूत इथे घात करते, कारण गोवरात न्यूमोनिया होऊन मूल दगावू शकते. अशा वेळी श्वास लागलेल्या मुलाला माता उतरण्याची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे लागते.

मनाच्या आजारात हे नाते आणखी गुंतागुंतीचे होते. कामठीत जन्मलेले ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) यांना १८९२ मध्ये नागपूरच्या पागलखान्यात ठेवले गेले आणि लोक दर्शनासाठी तिथेच येऊ लागले. पुढे नागपूरच्या राजघराण्यातल्या रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सक्करदऱ्याच्या वाड्यात आणले. उमरेड रोडवरच्या ताजाबादला आज सर्व धर्मांचे लोक जातात. त्यांत मनोरुग्णांचे नातेवाईकही असतात. ज्यांना एकेकाळी वेडे ठरवले गेले त्यांच्याच दर्ग्यात वेडावर उतारा मागितला जातो, आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या खिडकीवरही पुष्कळदा तीच कुटुंबे उभी असतात.

या सगळ्याला उलटा प्रवाह दीक्षाभूमीवरून आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे आणि दारू न पिण्याचीही. त्यामुळे पितरांचे ताट, उतारा आणि नवस अनेक घरांतून निघून गेले. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा त्यांत असली तरी मांसाहार थेट वर्ज्य केलेला नाही. बौद्ध घरांत या प्रश्नावर आजही वाद रंगतात. बुद्धपौर्णिमेला सुजाताच्या आठवणीने खीर वाटतात. दारूच्या प्रतिज्ञेइतके आरोग्याला थेट भिडणारे कलम या शहरातल्या दुसऱ्या कोणत्याही व्रतात सापडणे कठीण.

सर्वांत चिवट ठरली ती काविळीची माळ. ठरावीक वारी, उपाशीपोटी, रोग्याच्या डोक्यावर वनस्पतीच्या काड्यांची लहानशी माळ ठेवतात. दिवसागणिक ती लांब होत गळ्यात, मग छातीवर उतरते आणि ‘कावीळ उतरली’ असे ठरते. वास्तविक ओल्या काड्या वाळून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात आणि माळ वाढते. ती खुंटीला टांगली तरी वाढेल. हात चुन्याच्या पाण्यात धुतल्यावर पिवळे पाणी निघते तेही आधी चोळलेल्या सालीच्या रसामुळे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपली आपण ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. पथ्यात तेल आणि हळद बंद, फुटाणे आणि उसाचा रस चालू. गाडीवरच्या रसात कोणत्या पाण्याचा बर्फ पडतो, ते मात्र पथ्य सांगणारा विचारत नाही. खरी अडचण पित्तनलिकेतल्या खड्याची किंवा गाठीची असेल, तर माळ लांबण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

सर्पदंशाच्या मांत्रिकाचेही यश असेच उसने असते. बरेचसे दंश बिनविषारी सापांचे असतात, काही विषारी दंशांत विष अंगात शिरतच नाही. मण्यार मात्र झोपेत चावते, फारसे दुखतही नाही, आणि पहाटेपर्यंत श्वास बंद पडू शकतो.

जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. १९८२ पासून अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम याच शहरातून चालत आले. पूजाअर्चा, यात्रा, परिक्रमा यांना कायद्याने हात लावलेला नाही. त्यामुळे मातामायचा दहीभात, श्रावण आणि मारबत त्याच्या कक्षेबाहेर राहतात. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणारा मांत्रिक मात्र कक्षेत येतो.